गाडीआधी शरीर तयार करा
शर्यतीत उतरू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी बारा आठवड्यांची तयारी



पाऊस सुरू झाला की लोणावळ्याचा रस्ता गाड्यांनी भरून जातो. भुशी धरण, टायगर पॉइंट, खंडाळ्याचा घाट, जिकडे बघाल तिकडे दुचाकी. त्यात पुण्या-मुंबईहून आलेल्या महागड्या बाइक असतात, तशा देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेतच्या वस्त्यांतून हप्त्यावर घेतलेल्या दीडशे सीसीच्या गाड्याही असतात. आपली कितीतरी मुले चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांत रोज गाड्यांचे भाग जोडतात. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतात. त्यांना गाडीचे वेड नसणार, तर कोणाला असणार?

आरोग्याच्या कामासाठी आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. "ताई, रेसमध्ये भाग घ्यायचाय, बॉडी कशी बनवायची?" मागून आईचा आवाज येतो, "काही सांगू नका त्याला, हातपाय मोडून घेईल." आम्ही आईची भीती खोटी ठरवत नाही आणि मुलाला नाद सोड असेही म्हणत नाही. वेगाची हौस घाटात भागवली तर समोरून एसटी येते, वळणावर खडी असते आणि मदतीला कोणी नसते. तीच हौस बंदिस्त ट्रॅकवर, नियमांत, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका हजर असताना भागवली तर तो खेळ असतो. आणि कोणताही खेळ शरीरापासून सुरू होतो. या महिन्याचे पान त्यासाठी.

रस्ता नव्हे, ट्रॅक

आधी कायदा समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपल्या मुलाच्या नावावर एकदा गुन्हा चढला की नोकरीच्या वेळी तो आडवा येतो, हे वेगळे सांगायला नको.

अधिकृत शर्यती फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या राष्ट्रीय संघटनेच्या परवानगीने होतात. स्पर्धकाला तिचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते. आपल्या भागात हा खेळ अगदीच अनोळखी नाही. लोणावळ्याच्या पुढे ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ४०२ मीटरच्या सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या आहेत. मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत जाणाऱ्या दुचाकींची सुपरक्रॉस लीग जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सुरू झाली. नाशिकला रॅली होते, कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे.

खेळ खर्चाचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यासाठी कर्ज काढू नका, आईचे दागिने गहाण ठेवू नका. सुरुवात भाड्याच्या कार्टवर किंवा जवळपासच्या मातीच्या ट्रॅकवरच्या नवशिक्या गटात करता येते. शरीराच्या तयारीला मात्र पैसे लागत नाहीत. चांगली गाडी असलेल्याच्या बरोबरीला येण्याचा तेवढाच एक मार्ग आपल्या हातात आहे.

"गाडी पळते, माणूस तर बसलेला असतो"

हा गैरसमज पहिला काढून टाका. मोटोक्रॉस खेळणाऱ्यांच्या छातीला यंत्र लावून मोजले, तेव्हा शर्यतभर त्यांची नाडी कमाल गतीच्या ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहत असल्याचे दिसले. कमाल गती काढायचा सोपा हिशेब म्हणजे २२० मधून वय वजा करणे. बावीस वर्षांच्या मुलाची ती १९८ येते, म्हणजे शर्यतीत त्याची नाडी मिनिटाला १७५ ते १८० ने चालते. बसमागे जीव तोडून धावताना जी अवस्था होते, तीच इथे दहा-पंधरा मिनिटे टिकवायची. त्यातच समोरची वळणेही ओळखायची.

मानेचे बघा. आपले डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते, हेल्मेट सव्वा-दीड किलोचे. कार्ट वेगाने वळते तेव्हा हे सहा-साडेसहा किलोचे ओझे क्षणभर दुप्पट होऊन मानेला बाहेर खेचते. एका फेरीत आठ-दहा वळणे आणि अशा पंधरा फेऱ्या. मान थकली की नजर खाली जाते, आणि नजर चुकली की गाडी चुकते.

हातांचे दुखणे दुचाकीवाल्यांना लवकर कळते. हँडल घट्ट आवळून धरले की मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू फुगून दगडासारखे होतात, बोटांतली ताकद जाते, क्लच-ब्रेक नीट दाबला जात नाही. यावरचा पहिला उपाय म्हणजे गाडी गुडघ्यांनी टाकीला धरून चालवणे आणि हात सैल ठेवणे. पण तेवढी ताकद मांड्यांत हवी.

आणि उष्णता. जाड सूट, हातमोजे, बूट, हेल्मेट घातल्यावर घाम वाळायला जागाच राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली. उकाड्यामुळे ती २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली, तरी दुसरा आलेला स्पेनचा होर्हे मार्टिन शेवटी पाणी कमी पडून पार गळून गेला. पुढच्याच महिन्यात कतारला फॉर्म्युला वनमध्ये अमेरिकेच्या लोगन सार्जंटला शर्यत अर्धवट सोडावी लागली आणि फ्रान्सच्या एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. यांच्या दिमतीला डॉक्टर, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ असतात. मग रात्रपाळी करून, चहा-बिस्किटावर ट्रॅकवर जाणाऱ्या आपल्या मुलाचे काय होईल?

सही नको, तपासणी हवी

काही महिन्यांपूर्वी मावळातला एक मुलगा आमच्याकडे छापील प्रमाणपत्र घेऊन आला. वय बावीस, काम सुट्या भागांच्या कारखान्यात. एका दवाखान्यात त्याला न तपासताच पैसे घेऊन सही-शिक्का मिळाला होता. नाडी नाही, रक्तदाब नाही, डोळे नाहीत. चाळीत एक जिना चढला तरी धाप लागते, असे तो सहज बोलून गेला. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन १०.६. पुरुषाला किमान १३ हवे. जंताची गोळी, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या आणि सुधारलेला आहार यांनी तीन महिन्यांत ते तेराच्या वर गेले. मग त्याने खरी तपासणी करून नवे प्रमाणपत्र घेतले.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहणारे हमालच कमी. ते कमी असताना व्यायाम वाढवला तर हृदयावर ताण येतो. म्हणून तयारीला लागण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात एवढे करून घ्या:

• हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तातील साखर
• नाडी आणि रक्तदाब
• डोळ्यांची तपासणी, विशेषतः दूरची नजर. नंबर असेल तर चष्म्याशिवाय गाडीला हात नको
• धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले त्याची नोंद

पुढीलपैकी काही असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका: फिट येणे, व्यायाम करताना चक्कर किंवा छातीत दुखणे, दमा, पूर्वी डोक्याला झालेली इजा, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू. लपवून मिळवलेली सही ट्रॅकवर उपयोगी पडत नाही.

बारा आठवडे

जिमची गरज नाही. आपल्याकडे चढ भरपूर आहेत. शेलारवाडीचा घोरावडेश्वर डोंगर, भाजे लेणीची वाट, घरामागची टेकडी, काहीही चालेल. लेण्यांच्या पायऱ्या वापरणार असाल तर पहाटे गर्दी नसताना वापरा, वंदनेला येणाऱ्यांना वाट द्या, आणि लेणीच्या आत व्यायाम नको. ती आपली ठेव आहे.

पहिले चार आठवडे पाया घाला. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास भरभर चालणे, जमेल तसे हळू धावणे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवा. उरलेल्यांपैकी दोन दिवस ताकद: १५ बैठका, १० जोर (जमत नसतील तर गुडघे टेकून), कोपरांवर शरीर फळीसारखे ताठ धरून २० सेकंद, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखे ३० सेकंद. हे सगळे तीनदा. दोन दिवस विश्रांती.

पाचवा ते आठवा आठवडा दम वाढवा. चढावर एक मिनिट जोरात, दोन मिनिटे हळू, असे सहा वेळा, आठवड्यातून दोनदा. ताकदीच्या दिवशी पकडीचा व्यायाम घाला. दहा-दहा लिटरच्या दोन भरलेल्या बादल्या घेऊन चाळीस पावले चाला, खाली ठेवा, मग पुन्हा, असे चार वेळा. ओला टॉवेल दोन्ही बाजूंनी पिळा. या कामात घरातल्या बायका तुमच्या पुढे असतील. वर्षानुवर्षे हंडे वाहिलेले ते हात आहेत.

मानेसाठी तळहात कपाळावर ठेवा आणि डोक्याने तळहात ढकला. डोके हलू द्यायचे नाही. दहा मोजा. असेच मागून आणि दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी पाच वेळा. डोक्याला वजन बांधून झटके देण्याचे प्रकार मोबाइलवर दिसतात, ते करू नका. हाताला मुंग्या आल्या तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

नववा ते अकरावा आठवडा शर्यतीसारखा सराव करा. आठ मिनिटे न थांबता चढ-उतार, बैठका, बादल्या, पुन्हा चढ. मग पाच मिनिटे विश्रांती. असे तीन वेळा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून अकराव्या आठवड्यापासून सराव पहाटेऐवजी थोडा थोडा उशिरा घ्या. भर दुपारी, चैत्र-वैशाखाच्या उन्हात एकटे धावू नका.

बारावा आठवडा निम्मा करा. शर्यतीआधीचे दोन दिवस फक्त चालणे आणि झोप.

या सगळ्यात एक सवय लावून घ्या. नवशिके वळणावर श्वास रोखून धरतात आणि मग शरीर आणखी आखडते. सराव करताना श्वासाकडे लक्ष ठेवा. वळणाआधी सावकाश सोडायचा, हेच ट्रॅकवरही करायचे.

पाळी आणि झोप

आपल्या मुलांचा खरा शत्रू इथे आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्याची गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूचा थेंब न घेताही रात्रपाळीचा माणूस त्या मर्यादेपलीकडे असू शकतो. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर कापते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर दहा मीटर पुढे.

म्हणून रात्रपाळी संपल्यावर लगेच व्यायाम नको. घरी या, खिडकीला जाड कापड लावून सहा-सात तास झोपा, उठून व्यायाम करा. घरच्यांनीही दुपारी झोपलेल्याला "ऊठ, किती लोळतोस" म्हणू नये. रात्रपाळीच्या आठवड्यात जड सराव टाळा. शर्यतीच्या आदल्या रात्री काम असेल तर शर्यत सोडा. पुढच्या वर्षीही शर्यत होते.

ताटात काय

डब्याएवढ्या प्रोटीन पावडरवर महिन्याचे दोन-तीन हजार घालवू नका. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस, शंभर ग्रॅम हरभऱ्यांत सुमारे वीस. साठ किलोच्या व्यायाम करणाऱ्या मुलाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम पुरतात. दोन अंडी, मूठभर भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, दोन वेळा डाळ-भाकरी किंवा आपला इंद्रायणी भात, आठवड्यातून दोन-तीनदा सुकट, मासे किंवा मटण, एवढ्यात ते बसते. लोहासाठी पालेभाजी, नाचणी, कलेजी. त्यावर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

शर्यतीच्या दिवशी तीन तास आधी साधे जेवण. दोन फेऱ्यांच्या मध्ये केळे किंवा लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की, गूळ आणि दाणे दोन्ही मिळतात. पाण्यासाठी घरची मीठ-साखर: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सरावाआधी आणि नंतर वजन करा. साठ किलोचा माणूस सव्वा किलो उतरला तर पाणी फार कमी पडले. लघवी गडद पिवळी असेल तरी तेच. डब्यातली एनर्जी ड्रिंक्स नाडी वाढवतात, ती ट्रॅकवर नकोत.

तंबाखू, मावा, बिडी यांबद्दल दोनच वाक्ये. तंबाखूने नाडी आधीच वाढते आणि बिडीचा धूर रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. बारा आठवड्यांच्या पहिल्या दिवशी ती सोडा, नाहीतर बाकी मेहनत वाया जाईल.

मुलींसाठी

हा खेळ मुलांचाच असे कोणी म्हणाले तर पुण्याच्या डायना पुंडोल यांचे नाव सांगा. दोन मुलांची आई, पूर्वी शिक्षिका. २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर पुरुषांबरोबर शर्यत करून त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सलून गट जिंकला आणि असे करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

मुलींचे हिमोग्लोबिन किमान १२ हवे. पाळीत जास्त रक्त जात असेल तर लाजू नका, आशाताईंना किंवा नर्सला सांगा. पाळीच्या दिवसांत व्यायाम बंद करण्याची गरज नाही. दुखत असेल तर कमी करा.

पडलात तर

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे, पट्टा लावलेले. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदला. डोक्याला मार लागल्यावर उलटी, डोकेदुखी, गोंधळ, दोन-दोन दिसणे, झोपाळूपणा, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय. "चक्कर आली होती, आता बरंय" म्हणून पुन्हा गाडीवर बसायचे नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच परत. पडलेल्याचे हेल्मेट ओढून काढू नका, मान न हलवता प्रशिक्षित माणसाची वाट पाहा. खांद्यावर पडल्यावर हात उचलता येत नसेल तर गळपट्टीचे हाड मोडले असू शकते. हात झोळीत बांधा, तेल लावून चोळू नका.

एकट्याने नको

ज्याला गाडी परवडत नाही त्यालाही या खेळात जागा आहे. शर्यतीला झेंडे दाखवणारे मार्शल लागतात, आयटीआय शिकलेले मेकॅनिक लागतात, प्रथमोपचार जाणणारी माणसे लागतात. वस्तीतल्या चार-पाच जणांनी मिळून तयारी केली तर एक चालवतो, एक गाडी सांभाळतो, एक वेळ मोजतो.

या रविवारी एवढेच करा. चौघे एकत्र या, सकाळी उठल्यावर अंथरुणातच प्रत्येकाने मिनिटभर आपली नाडी मोजून वहीत लिहा, आणि सोमवारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा आठवड्यांनी तीच नाडी पुन्हा मोजा. बऱ्याच जणांची ती पाच-दहा ठोक्यांनी उतरलेली दिसेल. तेवढे झाले की मग गाडीचे बोलू. आणि आयांनो, मुलगा घाटात जाऊन आला म्हणून ओरडण्यापेक्षा त्याला विचारा, "आज चढ चढलास का? रात्री किती झोपलास?" हे दोन प्रश्न त्याला जास्त सुरक्षित ठेवतील.